बॉनेटवरचा पंजा

माझ्या थोरल्या भावानं नवीकोरी गाडी ज्या बाभळीवर घातली, त्याच बाभळीच्या शेंगा पाडून आम्ही दोघं लहानपणी मेंढरांना घालायचो. गावाच्या अलीकडं पुलाच्या उताराला रस्ता डावीकडं वळतो आणि वळता वळताच पुन्हा उजवीकडं वळतो. आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा तिथं सायकलचा ब्रेक आधीच दाबतात. दादा पुण्यात राहून ते दुसरं वळण विसरला. भर दुपार, समोर ट्रॅक्टर नाही की कुत्रं नाही, आणि हा सरळ जाऊन बाभळीला भिडला.

त्याला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, भाऊ मरता मरता वाचला आणि याला गाडीचं पडलंय. बॉनेटची घडी झालती, डावं मडगार्ड आत गेलतं, एक दिवा वायरीला लोंबत होता. मी पिकअप घेऊन पोचलो तर आबा माझ्या आधी हजर. आबा म्हणजे आमचे वडील. गुडघे दुखतात म्हणून रोज सकाळी माझ्याकडून बाम चोळून घेणारा हा माणूस, मेंढरं डोंगराच्या अंगाला तशीच सोडून पळत आलता. दादाच्या तोंडावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, हातपाय चाचपून बघितले. मग वळून त्या गाडीवरूनही हात फिरवला.

"लई लागलं गं बाई तुला," म्हणाले. गाडीला!

माझं जळणं सुरू झालं ते तिथं.

माझ्याकडंही गाडी आहे, हे सांगायला पाहिजे. जुनी आहे, दुसऱ्याची वापरलेली आहे, पण पिकअप आहे आणि माझ्या नावावर आहे. तिच्यात आजारी मेंढरू पाटोद्याला डॉक्टरकडं जातं, कोकरं बाजारला जातात, आबा स्वतः डोळ्याच्या ऑपरेशनला तिच्यातूनच गेले आणि परत आले. तिचा एक दिवा फुटला तेव्हा मी आठवडाभर हळहळत होतो. आबा म्हणाले, "एका डोळ्यानं बी दिसतंयच की. मला कुठं दोन्ही डोळ्यांनी दिसतंय?" संपला विषय.

आता पंज्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय. आम्ही मेंढरंवाले. दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरायचं, पार माजलगावच्या धरणाखाली, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं आणि आपल्याला ज्वारी. तिथं चार दिशांचे कळप एकत्र येतात. मग कुणाचं मेंढरू कुणाचं? प्रत्येकाची खूण ठरलेली. कुणी कानाला चीर देतं, कुणी शिंगाला रंग लावतं. आमची खूण म्हणजे आबांचा पंजा. गेरूत हात बुडवायचा आणि मेंढराच्या पाठीवर दाबायचा. आबांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, त्यामुळं तसा पंजा दुसऱ्या कुणाचा उठतच नाही. त्या भागातली लोकं पंजा बघितला की म्हणतात, हे पाटोद्याकडच्या म्हाताऱ्याचं, सोडा त्याच्याकडं.

तर मी पिकअप आणली त्या दिवशी वाटीत गेरू कालवून ठेवलता. अंगणात गाडी उभी. बायकोनं ओवाळलं. आबांनी नारळ फोडला, चिमूटभर भंडारा चाकावर टाकला आणि काठी घेऊन निघाले.

"आबा, पंजा?" मी म्हणालो.

"तिला कशाला पंजा?" असं म्हणून ते मेंढरांमागं गेले. वाटीतला गेरू वाळून गेला. बायकोनं चार दिवसांनी वाटी घासायला घेतली तेव्हा माझ्याकडं बघून हसली. ते मनात राहिलं ते राहिलंच. मला दुसरं काही नको होतं. दादाला शिक्षण मिळालं, पुणं मिळालं, चांगली नोकरी मिळाली, मिळू दे. मला तो हात पाहिजे होता, माझ्या गाडीवर, एकदा.

आता दादाच्या गाडीकडं येऊ. शोरूमला नंबर लागायला महिना जाणार होता आणि दादाला तर दुसऱ्याच दिवशी पुणं गाठायचं होतं. पाटोद्याच्या बाहेर डेंटिंग-पेंटिंगचं एक शेड आहे. तिथले उस्ताद या कामात नावाजलेले. दादा म्हणाला, "तू बघ जरा. तू काय इथंच असतोस." हे 'तू काय इथंच असतोस' मी आयुष्यभर ऐकत आलोय. आई गेली तेव्हाही मी इथंच होतो आणि तो येईपर्यंत सगळं थांबवून ठेवलं होतं. असो. पैसे तो पाठवणार होता, तो प्रश्नच नव्हता. गाडी शेडमध्ये टाकून तो ट्रॅव्हल्समध्ये बसला, आणि ती पांढरीशुभ्र धूड गाडी माझ्या गळ्यात पडली.

माझ्या गळ्यात कसली, आबांच्या गळ्यात! दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप चालू केली तर आबा आधीच आत बसलेले. धुतलेलं धोतर, नवा पटका.

"कुठं निघालाव?"

"गाडीला बघून येऊ."

"आबा, ती गाडी हाय. दवाखान्यात भरती केलेलं माणूस न्हाई."

"चल म्हणतो तर चल की लेका."

मग रोजचंच झालं. मेंढरं मी सकाळी शेजारच्याच्या हवाली करायची आणि आबांना पाटोद्याला न्यायचं. उस्तादांनी त्यांच्यासाठी शेडच्या दाराशी लिंबाखाली खुर्ची टाकली. आबा दिवसभर त्या खुर्चीत बसून बॉनेटकडं बघायचे. हातोडीचा ठोका पडला की यांचं तोंड वाकडं व्हायचं. "हळू, हळू," म्हणायचे. उस्ताद हसायचे. "आबा, पत्र्याला दुखत न्हाई. उलट ठोकलं तरच सरळ होतंय." तरी आबा तिसऱ्या ठोक्याला पुन्हा "हळू" म्हणायचेच. घरून येताना आबांनी भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायचा, उस्तादांनी चहा मागवायचा, दोघांनी मिळून खायचं. मी तिसरा. मला कुणी काही विचारायचं नाही.

एकदा मी म्हणालो, "उस्ताद, माझ्या पिकअपचा बी एक दिवा बसवायचा हाय. दारालाबी पोचा हाय."

"बसवू की," उस्ताद म्हणाले.

आबा लगेच, "आधी हिचं होऊ दे. तुझी काय, चालतीच हाय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. चालतीच हाय! जे चालतंय त्याला तेल नाही, आणि जे बाभळीवर जाऊन बसलंय त्याला खुर्ची टाकून राखण. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता नाक वर करून हुंगायला लागली.

"कायतरी जळायलंय."

"तव्यावरची भाकर जळत असंल."

"भाकर न्हाई. तुमी जळायलाव. पार वास सुटलाय."

मी चिडलो. तशी ती म्हणाली, "अवं, मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणत्यात ना." लगेच तिनंच जीभ चावली, कारण दादा काही मेला नव्हता, चांगला धडधाकट होता. पण मला ती म्हण लई पटली. जो दाराशी असतो त्याचं दूध कुणी मोजत नाही. जो दिसत नाही त्याचंच मणभर होतं.

पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. राखाडी प्रायमर मारलं तेव्हा आबा घाबरले, म्हणाले रंग बदलला का काय. मग एका सकाळी उस्तादांनी काचांना कागद चिकटवले, कॉम्प्रेसर चालू केला आणि गनमधून पांढरा रंग मारायला लागले. आबांना लांब बसवलं. त्यांनी पटका नाकातोंडावर गुंडाळला आणि डोळे तेवढे उघडे ठेवून बघत राहिले. दुपार कलली तोवर गाडी अशी चकाकत होती की आम्ही दोघं तिच्यात उलटे दिसत होतो. मला कबूल करावं लागतं, काम झ्याक झालतं. त्यामुळं आणखीच जळफळाट.

उस्ताद म्हणाले, "आज हात लावायचा न्हाई. वरून वाळल्यावानी दिसतंय, आतून कच्चं हाय. आठ दिवस पाणी बी मारू नका." एवढं सांगून ते मागच्या बाजूला हात धुवायला गेले. मी पिकअप वळवायला गेलो.

परत आलो तर आबा गाडीसमोर उभे. नारळ त्यांनी घरूनच आणलता, मला पत्ता नव्हता. चाकासमोरच्या दगडावर तो फोडला, पाणी उजव्या हातावर घेतलं, कमरेची पिशवी सोडली. भंडाऱ्याची ती पिशवी आबांच्या कमरेला कायम असते, आंघोळीलासुद्धा ती फक्त खुंटीपर्यंतच जाते. ओला हात त्यांनी पिशवीत घातला. पिवळाधमक झालेला पंजा बाहेर काढला.

"आबा!" मी ओरडलो. मागून उस्ताद ओरडले, "या अल्ला, आबा, न्हाई, न्हाई!"

आबांनी बॉनेटच्या बरोबर मध्यावर हात ठेवला आणि मेंढराच्या पाठीवर दाबतात तसा अंगाचा भार टाकून दाबला. डोळे मिटले. ओठ हलत होते. मग हात उचलला. उचलताना चिकटलेल्या रंगाचा बारीक आवाज झाला.

असा पंजा मी आयुष्यात बघितला नाही. मेंढराच्या लोकरीवर नुसता आकार उठतो. इथं हाताच्या रेघा उठल्या, बोटांची पेरं उठली, अंगठ्यावरचा विळ्याचा जुना वण उठला, आणि ती वाकडी करंगळी. सगळं त्या पांढऱ्यात रुतून बसलेलं, हळदीनं पिवळं झालेलं. उस्ताद डोक्याला हात लावून खाली बसले. आबा खूश. त्यांना कळलंच नाही काय झालं ते.

"आता बरं झालं," म्हणाले आणि पिकअपमध्ये जाऊन बसले.

उस्ताद आपल्या मेहनतीसाठी हळहळत होते. मी कशासाठी जळत होतो ते त्यांना काय सांगू? ज्याच्यासाठी मी गेरू कालवून बसलो होतो ते दादाला न मागता मिळालं. नुसतं मिळालं नाही, तर कधीच जाणार नाही असं मिळालं. त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

दादा गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला मुद्दाम आधी काही बोललो नाही. म्हटलं बघू दे. आबा घरी होते, ताप होता अंगात थोडा. शेडमध्ये आम्ही दोघं आणि उस्ताद. दादानं गाडीला एक फेरी मारली, मडगार्डवर बोट फिरवलं, "मस्त," म्हणाला, आणि समोर येऊन थांबला.

"हे काय बे?"

"आबांनी पूजा केली."

"अरे, पूजा केली का शिक्का मारला? ऑफिसच्या पार्किंगला लावू कशी? लोकं म्हणतील प्रचाराची गाडी हाय!"

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण दादानं खिशातला रुमाल काढला, थुंकी लावली आणि पंज्यावर घासायला लागला. तसं माझं हसणं बंद झालं. मी त्याचा हात धरला. का धरला ते मला तेव्हा कळलं नाही. ज्याच्यावर आपण जळतो त्याला ते नकोच असलं, तर जळायचं तरी कशावर?

"घासून न्हाई जाणार," उस्ताद म्हणाले. "पुट्टीपर्यंत खरवडावं लागंल. पुन्हा सगळं पहिल्यापास्नं. त्यापेक्षा दुसरं बॉनेट टाका. बीडला एकाकडं याच रंगाचं हाय."

"टाका," दादा म्हणाला. एका शब्दात. आबांच्या हातावरची प्रत्येक रेघ ज्याच्यावर उठली होती, त्याच्याबद्दल हा एवढा एकच शब्द.

दुसरं बॉनेट आलं, बसलं, संध्याकाळच्या आत काम झालं. जुनं उस्तादांनी भिंतीला टेकवून ठेवलं, भंगारवाल्यासाठी. मी ते उचलून पिकअपमध्ये टाकलं.

"तुला काय करायचंय त्याचं?" दादानं विचारलं.

"असू दे. मेंढरांच्या वाडग्याला आडोसा होईल."

"आबांना सांगू नको. उगं वाईट वाटंल." तो घरी आला, आबांच्या पाया पडला, अंधारात गाडी उभी होती त्यामुळं आबांना काही दिसलं नाही. त्यांनी उलट त्याला दोनदा सांगितलं, "पंजा धुऊ नको बरं." "न्हाई आबा," म्हणाला, आणि दादा पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बॉनेट वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, दाराला तारेनं बांधलं. पंजा बाहेरच्या अंगाला. ऊन त्याच्यावर पडलं होतं. मी मागं सरून बघितलं आणि खरं सांगतो, लई बरं वाटलं. आला एकदाचा माझ्या दारात, म्हटलं. त्याला नको होता, मला पाहिजे होता. आता हा इथंच राहील, मी इथंच असतो तसा.

आबा काठी टेकत आले. ताप उतरला होता. थांबले. जवळ गेले, करंगळीच्या ठशावर आपली करंगळी ठेवून बघितली.

"हे हितं कसं?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी सगळं सांगितलं, रुमालाचं सोडून. आणि सांगता सांगता इतक्या वर्षांचं तोंडातून निघूनच गेलं. "कावून आबा? माझी गाडी आली तवा मी गेरू कालवून बसलतो. तुमी म्हणलाव, तिला कशाला पंजा. माझ्या गाडीला न्हाई, त्याच्या गाडीला कावून?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी साधी मेंढपाळाची रीत विसरलोय.

"अरं येड्या, घरच्या मेंढराला कुणी खूण करतंय का? ते तर सांजच्याला आपल्या पायानं दारात येतंय. खूण करायची ती लांब जाणाऱ्याला. दुसऱ्याच्या कळपात मिसळणाऱ्याला." ते बॉनेटकडं वळले. "त्याला आपल्या गावचं वळण ध्यानात न्हाई राहिलं. बाभळीवर जाऊन बसलं. म्हटलं, आता हे हरवायच्या मार्गाला लागलंय. कुणाला तरी दिसू दे, कुणाचं हाय ते."

मी बॉनेटच्या तारेचं टोक उगंच पुन्हा पिळलं.

आबा खाली दगडावर टेकले. रस्त्याकडं बघायला लागले, पुलाच्या दिशेला.

"मग आता त्याच्या गाडीवर काय हाय?"

"काय न्हाई, आबा. कोरी हाय."

"म्हंजी ते बिनखुणेचंच गेलं," आबा म्हणाले.

मेंढरं दाराशी दाटली होती, ओरडत होती, सोडायची वेळ टळून गेली होती. मी आबांच्या शेजारी उभा होतो, पंजा माझ्या दाराला होता, आणि आबा अजून रस्त्याकडंच बघत होते.